दुकानातला सेल्समन ‘स्टाइल अ‍ॅडव्हायझर’ झाला, पण त्याचा सल्ला नेमका कोणाच्या बाजूचा असतो?

३ सप्टेंबर २०२५. या एकाच दिवशी दोन निर्णय झाले. दिल्लीत जीएसटी परिषदेच्या ५६व्या बैठकीत कपड्यांवरच्या कराची रचना बदलली. मुंबईत राज्य मंत्रिमंडळाने दुकानं आणि आस्थापनांमधले कामाचे तास ९ वरून १० करायला मंजुरी दिली. पहिल्या निर्णयावर भरपूर मीम आले, दुसऱ्यावर थोडी चर्चा झाली आणि दोन्ही विषय मागे पडले.

पण एक माणूस असा आहे ज्याच्या रोजच्या कामावर या दोन्ही निर्णयांचा परिणाम होतो. पुण्याचा लक्ष्मी रोड असो, दादर असो, नागपूरची सीताबर्डी असो, नाहीतर एखादा मॉल. गळ्यात टेप अडकवून तो तुम्हाला विचारतो, “या साहेब, काय दाखवू? ऑफिससाठी की फंक्शनसाठी?”

पूर्वी त्याला सगळे सेल्समन म्हणायचे. आता नोकरीच्या जाहिरातीत त्याला ‘फॅशन कन्सल्टंट’, ‘स्टाइल अ‍ॅडव्हायझर’, ‘सेल्स असोसिएट’ अशी नावं असतात. म्हणजे तो विकणारा राहिला नसून सल्ला देणारा झालाय, असं कंपन्यांना सुचवायचं असतं. प्रश्न इतकाच की त्याचा पगारही सल्लागाराचा झालाय का? आणि नसेल झाला, तर त्याचा तुमच्या खिशाशी काय संबंध? समजून घेऊया.

हा माणूस नेमकं काय काम करतो?

लांबून बघितलं तर काम सोपं वाटतं. घडी उघडायची, दाखवायची, परत घडी घालायची. प्रत्यक्षात पुरुषांच्या कपड्यांच्या विक्रीत बरंच काही माहीत असावं लागतं.

पहिलं म्हणजे माप. चांगला सेल्समन टेप लावायच्या आधीच अंदाज बांधतो. ब्लेझर घालून बघताना तो सगळ्यात आधी खांदा बघतो, कारण बाही कमी करता येते, कंबर आत घेता येते, पँटची उंची तर दहा मिनिटांत होते. पण खांदा चुकला तर दुरुस्ती खर्चिक असते आणि बऱ्याचदा नीट बसत नाही. खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडापाशी संपली पाहिजे, हे त्याला पाठ असतं.

दुसरं म्हणजे कापड. लिनन हवेशीर, पण लगेच चुरगळतं. पॉलिस्टर-व्हिस्कोसची पँट चुरगळत नाही, धुवायला सोपी, पण मे महिन्यात घाम काढते. सुटाच्या कापडावर ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’ असे आकडे असतात. जितका आकडा मोठा तितकं कापड भारी, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर हा आकडा लोकरीचा धागा किती बारीक आहे ते सांगतो. सुपर १०० म्हणजे साधारण १८.७५ मायक्रॉन जाडीची लोकर. आकडा वाढला की कापड मऊ होतं, पण नाजूकही होतं. रोज ऑफिसला घालायच्या सुटासाठी जास्त आकड्याचं महाग कापड उलट लवकर झिजू शकतं.

तिसरं म्हणजे माणसं ओळखणं. लग्नाच्या खरेदीला नवरदेवासोबत आई, बहीण, दोन मित्र आणि एखादे मामा येतात. पैसे वडील देणार असतात आणि पसंती व्हिडिओ कॉलवर नवरीची असते. यातला निर्णय कोणाचा आणि बजेट किती, हे पाच मिनिटांत ओळखावं लागतं. तेही कोणाला न दुखावता.

या कामाला सरकारी कौशल्य व्यवस्थेतही जागा आहे. रिटेल क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचा ‘रिटेल सेल्स असोसिएट’ नावाचा अभ्यासक्रम आहे. मात्र खांदा, कापड आणि माणूस ओळखण्याची समज बहुतेकांना काउंटरवरच, जुन्या सेल्समनच्या हाताखाली मिळते.

मोबाइलवर सगळं मिळतं, मग याची गरज काय?

गरज आहे, कारण भारतात मापांचाच घोळ आहे. तुम्हीही अनुभवलं असेल. एका ब्रँडचा ४० नंबरचा शर्ट नीट बसतो, दुसऱ्याचा ४० छातीवर ताणतो आणि तिसऱ्याचा ढगळ होतो.

बरेच ब्रँड अमेरिका किंवा युरोपच्या मापांवर आधारलेले तक्ते थोडेफार बदलून वापरत आले आहेत. भारतीय शरीरयष्टीचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय आणि ‘निफ्ट’ने ‘इंडियासाइज’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता आणि शिलाँग या सहा शहरांमध्ये १५ ते ६५ वयोगटातल्या २५ हजारांहून जास्त लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं घेण्याचं ठरलं.

जोपर्यंत असा तक्ता सगळीकडे वापरला जात नाही, तोपर्यंत ‘या कंपनीचा एक नंबर मोठा घ्या’ हे सांगणारा माणूस लागतोच. शर्ट ऑनलाइन मागवून परत करता येतो. परवावर लग्न आलेलं असताना शेरवानी परत पाठवत बसायला वेळ नसतो. म्हणूनच सूट, ब्लेझर, शेरवानी अशा महागड्या कपड्यांसाठी लोक अजूनही दुकानात जातात.

आणि नेमक्या याच कपड्यांवरचा कर वाढलाय.

२५०० रुपयांची रेघ

२२ सप्टेंबर २०२५ च्या आधी १००० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यापुढच्या कपड्याला १२ टक्के जीएसटी होता. आता २५०० रुपयांपर्यंतच्या प्रत्येक नगाला ५ टक्के आणि त्यापुढे थेट १८ टक्के आहे. ही २५०० ची किंमत कर धरण्याआधीची आहे.

रोजच्या कपड्यांचा विचार केला तर हा फायदाच आहे. कर सोडून १८०० रुपयांच्या शर्टावर आधी २१६ रुपये कर लागायचा, आता ९० रुपये. एका शर्टामागे १२६ रुपये वाचले.

उलट १२ हजारांच्या शेरवानीवर आधी १४४० रुपये कर होता, आता २१६० रुपये. म्हणजे ७२० रुपये जास्त.

खरी गंमत रेघेच्या आसपास आहे. २५०० रुपयांचा कुर्ता करासह २६२५ रुपयांना पडतो. त्याच्या शेजारचा कुर्ता २६०० रुपयांचा असेल तर तो करासह ३०६८ रुपयांना पडतो. मूळ किमतीत फरक १०० रुपयांचा, बिलात फरक ४४३ रुपयांचा.

अजून एक हिशोब बघा. २७०० रुपयांचा कुर्ता करासह ३१८६ रुपये होतो. दुकानदाराने बिलावरच २०० रुपये सूट दिली, तर कर सूट वजा करून उरलेल्या रकमेवर लागतो. कुर्ता २५०० च्या रेघेत येतो आणि बिल होतं २६२५. म्हणजे दुकानदाराने २०० सोडले आणि गिऱ्हाइकाचे ५६१ वाचले. घासाघीस करणाऱ्यांसाठी हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

कापडाचं गणित आणखी वेगळं. ताग्यातून कापून घेतलेल्या शर्टिंग-सूटिंगच्या कापडावर किंमत कितीही असली तरी ५ टक्केच कर आहे. ८००० च्या तयार ब्लेझरवर १४४० रुपये कर लागतो, ८००० च्या कोटाच्या कापडावर ४०० रुपये. शिलाईचे पैसे वेगळे मोजावे लागतात, पण १०४० रुपयांचा फरक विचार करायला लावणारा आहे.

हे सगळं गिऱ्हाइकाला कोण समजावून सांगणार? अर्थातच काउंटरवरचा माणूस. ‘जीएसटी कमी झाला ना, मग हा कोट महाग कसा?’ या प्रश्नाला त्यालाच तोंड द्यावं लागतं. खरा सल्लागार असेल तर तो सांगेल, “काका, तुमची खांद्याची ठेवण वेगळी आहे, तयार घेऊ नका. कापड घ्या आणि शिवून घ्या, स्वस्तही पडेल.”

पण तो असं सांगेल का? हे त्याच्या पगाराच्या रचनेवर अवलंबून आहे.

पगार कशावर ठरतो?

पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानात साधारण तीन प्रकारचे विक्रेते असतात.

एक, स्थानिक मालकाच्या दुकानातला. मालक त्याला महिन्याचा ठरावीक पगार देतो, दिवाळीला बोनस आणि जोडीला विक्रीवर कमिशन. बऱ्याच ठिकाणी पडून राहिलेला माल विकला तर जास्त कमिशन मिळतं.

दोन, ब्रँडच्या शोरूममधला. बाहेर मोठ्या कंपनीची पाटी असते, पण शोरूम बऱ्याचदा फ्रँचायझी घेतलेल्या व्यापाऱ्याचं असतं. मग नोकरी कंपनीत नसते, त्या व्यापाऱ्याकडे असते.

तीन, मोठ्या डिपार्टमेंटल स्टोअरमध्ये एखाद्या ब्रँडच्या रॅकजवळ उभा असणारा. दुकान एकाचं, माल दुसऱ्याचा आणि पगार अनेकदा तिसऱ्याच एजन्सीकडून.

शोरूममध्ये टार्गेट असतं. महिन्याची विक्री तर मोजतातच, शिवाय दोन आकड्यांवर लक्ष असतं. एक म्हणजे एका बिलाची सरासरी रक्कम आणि दुसरा म्हणजे एका बिलात किती नग गेले. म्हणून तुम्ही शर्ट घेतला की लगेच, “साहेब, यावर बेल्ट बघायचा का? सॉक्स तीनच्या पॅकमध्ये आहेत,” असं ऐकू येतं. त्या मुलाला तुमच्या सॉक्सची काळजी नसते. त्याचं बिल एका नगाचं राहिलं तर संध्याकाळच्या हिशोबात ते दिसतं.

आता वरचा हिशोब परत आठवा. २६०० चा कुर्ता दाखवायचा की २५०० चा? तयार ब्लेझर दाखवायचा की शेजारच्या काउंटरवरचं कापड? गिऱ्हाइकाचे पैसे वाचवणारा सल्ला विक्रेत्याचं बिल लहान करतो. नावात ‘सल्लागार’ असला तरी सल्ल्याचे पैसे त्याला कोणी देत नाही. पैसे मिळतात ते विक्रीचे.

कमिशन आणि नवे कामगार कायदे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यायचं आणि ठरावीक मुदतीवर घेतलेल्याला एक वर्षानंतरही ग्रॅच्युइटी द्यायची, अशा तरतुदी त्यात आहेत. कायम कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांची अट तशीच आहे. ज्याला आजवर कागदच मिळाला नाही, अशा सेल्समनसाठी नियुक्तिपत्र ही मोठी गोष्ट आहे, कारण आपण नेमके कोणाचे नोकर आहोत हे त्यातून सिद्ध होतं.

पण या कायद्यातली ‘वेतन’ या शब्दाची व्याख्या सेल्समनने नीट वाचायला हवी. कमिशन वेतनात धरलं जात नाही. अपवाद एवढाच की कमिशन, घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता असे वगळलेले घटक मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात मिळवली जाते.

उदाहरण घेऊ. एकाला १२ हजार पगार आणि सरासरी ६ हजार कमिशन मिळतं. हातात १८ हजार येतात. कमिशन निम्म्यापेक्षा कमी आहे, म्हणून वेतन धरलं जाणार १२ हजार. ग्रॅच्युइटी म्हणजे प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचं वेतन, महिना २६ दिवसांचा धरून. दहा वर्षांनी त्याला साधारण ६९ हजार रुपये मिळतील. तेच १८ हजार पूर्ण पगार म्हणून मिळत असते, तर रक्कम १ लाख ३ हजारांच्या पुढे गेली असती. फरक जवळपास साडेचौतीस हजारांचा.

दुसऱ्याला ८ हजार पगार आणि १२ हजार कमिशन असेल, तर निम्म्याचा नियम लागू होतो. त्याचं वेतन १० हजार धरलं जाईल. हाही दिलासा आहे, पण अर्धाच.

थोडक्यात, कमिशनवर चालणारा पगार आज हातात चांगला दिसतो, पण म्हातारपणाच्या हिशोबात तो लहान होतो.

दहा तास, तेही उभं राहून

जुन्या कापड पेढ्यांवर पांढऱ्या गाद्या असायच्या. गिऱ्हाईकही बसायचं, कापड दाखवणाराही बसायचा. शोरूम आली, रॅक आले, काचा आल्या आणि विक्रेता उभा राहिला. बऱ्याच दुकानांत गिऱ्हाईक नसतानाही बसायची मुभा नसते, कारण बसलेला माणूस आळशी दिसतो, अशी समजूत आहे.

राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बदलानुसार दुकानांमधले दिवसाचे तास ९ वरून १० होतात. ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा १२५ तासांवरून १४४ तास होते. ओव्हरटाइमला दुप्पट दराने पैसे द्यायचे असतात आणि आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, असं सरकारचं म्हणणं आहे. हे बदल २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहेत. २० पेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना नोंदणी प्रमाणपत्राची गरज राहणार नाही, फक्त माहिती कळवावी लागेल. आधी ही रेघ १० कामगारांवर होती. बाजारपेठेतली अनेक कपड्यांची दुकानं नेमकी या १० ते १९ च्या पट्ट्यात येतात.

उभं राहण्याच्या प्रश्नावर दक्षिणेतली राज्यं पुढे गेली आहेत. केरळमध्ये कोझिकोडच्या कापड दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी बसण्याचा हक्क मागितला. पी. विजी आणि त्यांच्या ‘पेनकूट्टू’ संघटनेने हा विषय लावून धरला. शेवटी केरळने २०१८ मध्ये दुकान कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली. तामिळनाडूने २०२१ मध्ये तसाच कायदा केला.

केंद्राच्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही उभं राहून काम करावं लागणाऱ्यांसाठी बसण्याच्या व्यवस्थेचा उल्लेख आहे. पण स्टूल कुठे ठेवायचं, कधी बसायला मिळणार, तपासणार कोण, हे नियमांवर आणि अंमलबजावणीवर ठरणार. तास वाढवण्यावर जितकी चर्चा झाली, तितकी त्या तासांत बसायला मिळेल का यावर झालेली नाही.

मग गिऱ्हाइकाने सल्ल्यावर विश्वास ठेवावा की नाही?

सरसकट अविश्वास दाखवण्यात अर्थ नाही. जुन्या दुकानांमध्ये तीन-तीन पिढ्यांचे गिऱ्हाईक बांधलेले असतात ते चांगल्या सल्ल्यामुळेच. “हा रंग तुम्हाला नाही शोभत, दादा,” असं स्पष्ट सांगणाऱ्याकडे लोक मुलाच्या लग्नालाही परत येतात. दूरचा विचार करणाऱ्या मालकाला हे कळतं. अडचण अशी की महिनाअखेरच्या टार्गेटमध्ये दहा वर्षांनी परत येणारं गिऱ्हाईक मोजलं जात नाही.

म्हणून काही गोष्टी तुम्हीच विचारायला हव्यात.

१. किंमत २५०० च्या थोडी वर असेल तर बिलावरच सूट मागा आणि कर किती टक्के लावला ते बघा. छापील किमतीत सगळे कर आलेले असतात, त्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही.

२. ‘हे बदलता येईल का?’ यापेक्षा ‘यात काय बदलता येणार नाही?’ असं विचारा. खऱ्या जाणकाराचं उत्तर खांद्यापासून सुरू होतं.

३. दोन पर्याय समोर असतील तर ‘तुम्ही स्वतःसाठी यातला कोणता घेतला असता आणि का?’ असं विचारा. कारण ऐका. कापड, हवामान, वापर यावर बोलला तर तो सल्ला आहे. फक्त ‘हे सध्या चालतंय’ म्हणाला तर ती विक्री आहे.

४. पक्कं बिल घ्या. ‘माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी असली तरी सदोष माल परत घ्यायला नकार देणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवस धरली जाते.

५. चांगला सल्ला मिळाला तर मालकाला त्या माणसाचं नाव घेऊन सांगा. त्याच्या टार्गेटच्या तक्त्यात या गोष्टीसाठी रकाना नसतो, पण पगारवाढीच्या वेळी मालकाला ते आठवू शकतं.

पुढे काय होणार?

येत्या काळात दोन गोष्टींवर लक्ष ठेवावं लागेल. कामगार संहितांचे राज्याचे नियम आणि ते छोट्या दुकानांपर्यंत कितपत पोहोचतात, ही पहिली. २५०० च्या रेघेमुळे कंपन्या किमती कशा बसवतात, ही दुसरी. २६२५ पर्यंत करासहची किंमत ठेवायची, नाहीतर थेट २९५१ च्या वर जायचं, असं हे गणित आहे. मधल्या पट्ट्यातले कपडे एकतर खाली येतील किंवा वर जातील. खाली येताना कापडाचा दर्जा उतरला का, हे ओळखायला सामान्य गिऱ्हाइकाकडे फारशी साधनं नाहीत. ते ओळखणारा माणूस काउंटरपलीकडे उभा आहे.

त्याला ते खरं सांगणं परवडावं असा पगार मिळतो का, हा प्रश्न म्हणूनच एकट्या त्याचा नाही. पुढच्या वेळी ट्रायल रूममधून बाहेर येऊन “कसं दिसतंय?” असं विचाराल, तेव्हा उत्तर देणारा सकाळपासून किती तास उभा आहे आणि त्याचं या महिन्याचं टार्गेट किती बाकी आहे, यावरही त्याचं उत्तर ठरत असतं.